पहिला घाव मालकाचा

कानडगावच्या कल्याणप्पांच्या भांड्यांच्या दुकानाचा एक नेम होता, आणि तसला नेम पाळणारं दुसरं दुकान तुळजापूर तालुक्यात नव्हतं. हे मी पदरचं सांगत नाही, बाजाराला येणारी बारा गावं सांगायची. फुटकं, पोचलेलं, झिजलेलं भांडं मोडीत घालायला आणलं आणि त्यावर कुणाचं नाव असलं, तर त्या नावावर हातोड्याचा पहिला घाव नावाच्या मालकानं स्वतःच्या हातानं घालायचा. मालक मेला असला तर त्याच्या लेकानं, सुनेनं, ज्याच्या घरात भांडं असेल त्यानं. मग पुढचं तांबट बघेल. मालक नाही तर घाव नाही, आणि घाव नाही तर मोड नाही.

हा नेम कल्याणप्पांच्या वडलांनी, गुंडप्पांनी घातला. म्हातारा मोठा खमक्या. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग ठेवायची डबी, म्हणजे करडगं, आणि जिभेवर तिखट. तो म्हणायचा, "लेका, आपल्या मुलखात तांब्याची खाण न्हाय. आपली खाण मंजे लोकांच्या चुली. ह्या बारा गावांत जेवढं तांबं हाय तेवढंच फिरतंय. आजीचा हंडा मोडतो, नातीची घागर व्हती. तांबं मरत न्हाय, नुसतं घर बदलतं. पर ते बदलताना मालकानं बघितलं पायजे. न्हायतर खाणीत चोर शिरला म्हणून समज."

म्हातारा गेला. नेम राहिला. कल्याणप्पांनी तो वीस वर्षं पाळला, आणि पाळला म्हणजे मिरवला म्हटलं तरी चालेल. सासुरवाडीला गेले तरी दोन घास पोटात गेले की हीच गोष्ट. एकदा एका बड्या घराण्यातला कारभारी मालकिणीच्या नावाचं घंगाळ घेऊन आला, तर यांनी त्याला तसंच माघारी धाडलं. शेवटी मालकीण छकड्यात बसून आली आणि पदर खोचून हातोडा मारून गेली. ही हकीकत त्यांनी किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. त्यांची बायको इरम्मा तर हसून म्हणायची, "आता त्या घंगाळालाबी पाठ झाली असंल."

मग अठ्ठेचाळीस साल आलं. हिंदुस्थान सरकारनं निजामाच्या राज्याची नाकी बंद केली. तामलवाडीच्या पलीकडं सोलापूर हाकेवर, पण तिकडून तांब्याचा पत्रा यायचा बंद झाला. मीठ मिळत नव्हतं तिथं पत्रा कोण आणतोय! उन्हाळ्यात रझाकार दोनदा गावात आले. इरम्माला कल्याणप्पांनी माहेरी पोचतं केलं आणि स्वतः तीन दिवस ज्वारीच्या रिकाम्या पेवात बसून काढले. त्या पेवाच्या तोंडाशी भाकरी आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवणारा माणूस होता कासीम कल्हईवाला. दुकानात विकलेल्या तांब्याच्या भांड्यांना आतून कल्हई लावायचं काम अठरा वर्षं त्याच्याकडंच होतं. दुकानाच्या कट्ट्याखाली त्याची भट्टी आणि वर यांची गादी, असा त्यांचा शेजार.

सप्टेंबरात फौज आली. पाच दिवसांत निजामाचं राज्य बसलं. आता सगळं आलबेल व्हायला हवं होतं की नाही? पण त्याच्या पुढचे पंधरा दिवस फार वाईट गेले, आणि त्या पंधरा दिवसांचं आमच्याकडं कुणी बोलत नाही. रझाकार तर केव्हाच पसार झाले होते. मागं राहिले ते कल्हईवाले, पिंजारी, बागवान, ज्यांना पळायला ना घोडं ना गाडी. लोकांनी वड्याचं तेल वांग्यावर काढलं. कानडगावातही काढलं. त्या दिवशी कल्याणप्पांनी दुकानाच्या फळ्या आतून लावल्या आणि गादीवर भिंतीकडं तोंड करून बसले. कासीमची गल्ली दुकानाच्या मागंच. सगळं ऐकू येत होतं. कासीमला गल्लीतून नेलं, तो परत आला नाही. त्याची बायको हलीमाबी कुठं गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं.

माणसाला पेवात भाकरी देणारा असतो, आणि त्याच माणसाला फळ्या आतून लावता येतात. काय म्हणावं याला?

आठ दिवस गेले, आणि एका सकाळी श्रीमंत दुकानापुढं बैलगाडी घेऊन आला. श्रीमंत हे त्याचं नावच, गावातला मोठा शेतकरी, दोन विहिरींचा धनी, बोलायला साखर. गाडीत चार पोती होती. पोत्यांतून तांबं वाजत होतं.

"आप्पा, मोड आणलीया," तो म्हणाला.

"कुनाची?"

"बेवारस हाय. आजूबाजूच्या चार गावांतली. मालक न्हाईत."

कल्याणप्पांनी एका पोत्याचं तोंड सोडलं. वर एक परात होती, तिच्या काठावर बारीक टिंबांनी उर्दूत नाव घातलेलं. खाली पतेली, दुधाची कासंडी, हात धुवायचं तस्त. प्रत्येकावर नाव. भांडं कितीही लहान असो, कासीमसारख्यांच्या घरांमधून लेकीला देताना नाव घालून देण्याची रीत होती.

"ह्याच्यावर नावं हायत रं," कल्याणप्पा म्हणाले.

श्रीमंत हसला. "आसतील. तुमी घेत नसला तर सोलापूरला जातील. नाकी उघडली आता. मोड काय, कुटंबी मोडंल. म्या आपलं गावचं म्हणून पयलं तुमच्याकडं आलो."

सहा महिने दुकानात नवं भांडं नव्हतं. फळीवर कोळ्यांनी जाळी केली होती. तुळशीची लग्नं झाली की लग्नसराई, आणि दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाला काय दाखवायचं, हात? हे सगळं खरंच होतं. मी कशाला खोटं बोलू! आणि वडलांचं बोलणंही नेमकं तेव्हाच आठवलं: तांबं मरत नाही, नुसतं घर बदलतं. माणूस लई हुशार असतो, पाप करायच्या आधी बापाचंच एखादं वाक्य हुडकून काढतो. कल्याणप्पांनी पोती उतरवून घेतली.

आत मागच्या पडवीत बलभीम तांबट बसायचा. भूमकडचा माणूस, अबोल, हाताचा पक्का. त्यानं परात मांडीवर घेतली, टिंबांवरून अंगठा फिरवला आणि वर बघितलं.

"आप्पा, नाव हाय ह्याच्यावर."

"नाव न्हाय ते," कल्याणप्पा म्हणाले. "नक्षी हाय."

आता ऐका. निजामाच्या शाळेत कल्याणप्पा चार इयत्ता उर्दू शिकलेले. तालुक्याहून येणारा प्रत्येक कागद गावाला तेच वाचून दाखवायचे. बलभीमच्या जमिनीचा कागदसुद्धा त्यांनीच वाचला होता, आणि बलभीमनं तेव्हा त्यांच्या पायाला हात लावला होता. बलभीमला ते ठाऊक होतं. बलभीमला ठाऊक आहे हे कल्याणप्पांनाही ठाऊक होतं. दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

"नक्षी असंल मंग," बलभीम म्हणाला, आणि त्यानं हातोडा उचलला.

कल्याणप्पांना तिथून उठून जाता आलं असतं. पुढं गादीवर बसायचं, कानाआड करायचं. पण ते तिथंच बसले आणि एकेक भांडं स्वतः पोत्यातून काढून बलभीमच्या हातात देत राहिले. न वाचणं त्यांना जमेना. अक्षर एकदा येतं ते डोळ्यांना येतंच, डोळे मिटून घेतल्याशिवाय ते चुकवता येत नाही. सकिना. बिबन. जैतून. रुकैया. प्रत्येक नाव त्यांनी मनात वाचलं, तोंडानं काही बोलले नाहीत, आणि भांडं पुढं सरकवलं. बलभीमचा घाव पडायचा, टिंबं दबून जायची, भांडं चेपायचं.

तिसऱ्या पोत्यात तळाला एक हंडा लागला. तो त्यांनी बाहेर काढला आणि त्यांचा हात थांबला. या हंड्यावरचं नाव त्यांनी स्वतः घातलं होतं. अठरा वर्षांमागं, कासीमचं लग्न झालं तेव्हा. कासीमनं त्या हंड्यापायी सहा महिने फुकट कल्हई लावली होती. कल्याणप्पा तेव्हा जवान, उर्दूचा हात दाखवायची हौस, म्हणून नावाखाली एक वेलही काढली होती. लोखंडी टोचणीनं, टिंब टिंब करून, दुपारभर बसून. हलीमाबी.

"दमलासा का आप्पा?" बलभीमनं विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले, आणि हंडा त्याच्या हातात दिला.

दिला! ठेवता आला असता की नाही बाजूला? एक हंडा! कोण विचारणार होतं? पण तो एक बाजूला ठेवला असता तर बाकीच्यांना नावं होती हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून दिला. 

भट्टी पेटली. चार पोती तांबं वितळलं, त्याच्या लाद्या ओतल्या, लाद्या ठोकून पत्रा झाला आणि पत्र्याच्या घागरी, कळशा, पराती झाल्या. हलीमाबीचा हंडा एकटाच एका मुशीला पुरला, त्यामुळं त्याच्या घागरी कुठल्या ते कल्याणप्पांना ठाऊक होतं. दसरा झाला तशी फळी भरली. काय भांडी होती! लाल, उजळ, नव्या नवरीसारखी. गावच्या बायका येऊन हात फिरवून जायच्या. फक्त एक अडचण झाली. घरोघरची तांब्याची भांडी आतून उघडी पडत चालली होती, आमटी कळकायला लागली, ताकाला हिरवा रंग यायचा, आणि बायका बाजारात विचारायच्या, "कल्हईवाला का येईना गं औंदा?" विचारायच्या आणि मग एकमेकींकडं न बघता निघून जायच्या.

कल्याणप्पांना घास गोड लागेना. सकाळी लिंगपूजेला बसले की तळहातावर लिंग घ्यायचं, तर नजर लिंगावर ठरण्याऐवजी तळहातावरच जायची. इरम्मा माहेराहून परतली होती. तिनं दोनदा विचारलं, "अंगात कसर हाय का?" त्यांनी नाही म्हटलं. अंगात कसर असती तर बरी होती.

आणि बेस्तरवारच्या, म्हणजे गुरुवारच्या बाजाराला हलीमाबी आली.

ती कट्ट्याच्या खालच्या पायरीवर बसली, पूर्वी नवऱ्याची भाकरी घेऊन यायची तेव्हा बसायची तिथंच. लुगडं दुसऱ्याचं होतं, आखूड पडत होतं. वाळून काडी झाली होती. ती तामलवाडीला होती म्हणाली. कस्तुराबाई नावाच्या एका शेतकरणीनं तिला महिनाभर कडब्याच्या गंजीत ठेवलं, दोन वेळा भाकरी दिली आणि विचारायला आलेल्यांना कोयता दाखवला.

"कासीम...?" कल्याणप्पांनी विचारलं. सगळं ठाऊक असून विचारलं.

"ते न्हाईत आता," ती म्हणाली. रडली नाही. "आप्पा, एक काम हाय. माझा हंडा तुमच्याकडं आला का हो?"

कल्याणप्पा गादीची सुरकुती सारखी करू लागले. ती बोलतच होती.

"म्या दुसरीकडं कुटं हुडकलाच न्हाय. घरात तर चूलबी ठेवली न्हाय मेल्यांनी. पर म्या म्हटलं, चोर तांबं घ्यून काय करंल? मोडीतच घालंल. आन मोडीत घालाया आप्पाकडंच यावं लागतंय. आप्पा मालकाबिगर मोडायचे न्हाईत. ठेवला असंल बाजूला." ती जरा पुढं सरकली. "मला तो ठेवायचा न्हाय. म्या सोलापूरला भावाकडं जातीया, तिथं हंडा कुटं वागवू? आणा तो. पयला घाव म्याच घालते. जे काय येईल ते द्या, वाटखर्चीला हुईल."

तिच्या डोक्यावर, बरोबर वरच्या फळीवर, तिच्या हंड्याच्या तीन घागरी मांडल्या होत्या. मागं बलभीमचं ठोकणं थांबलं होतं.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं त्यांनी. मी त्यांच्या बाजूचा नाही, पण एवढं सांगतो. तोंड उघडलं होतं. आणि तेवढ्यात तिनं वर बघितलं, आणि तिच्या नजरेत इतका भरवसा होता, की उघडलेल्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"न्हाय आला," ते म्हणाले.

 मग तिनं मान हलवली, जसं काही तिचीच चूक होती.

"मंग लांब गेला असंल कुटंतरी. तुमच्याकडं आला असता तर तुमी ठेवलाच असता."

ती उठायला लागली तेव्हा कल्याणप्पा धडपडत उभे राहिले. फळीवरून एक घागर काढली. त्या तिनांतलीच एक. हात आपोआप तिकडंच गेला. "ही घ्या," ते म्हणाले. "ही मोडा, इका, काय बी करा. माझ्याकडनं."

"छे, छे. फुकट कसं घ्यू?"

"घ्या म्हणतो न्हवं. कासीम माझा..." त्यांनी घागर आणखी पुढं केली.

हलीमाबीनं घागर घेतली. पदरानं पुसली, काखेला लावली. आणि मग जे नको होतं तेच केलं. डोळ्यांत पाणी आणून तिनं एक हात वर केला आणि दुवा दिली. "अल्ला तुमच्या हाताला बरकत देवो, आप्पा. तुमचं घर भरलेलं राहो. ह्या गावात एक तरी माणूस राहिला."

ती गेली. इरम्मा आतल्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि तिला बरं वाटलं होतं. "चांगलं केलंत," ती म्हणाली. कल्याणप्पांनी तिच्याकडं असं बघितलं, की ती न बोलता आत गेली. बाईनं शिव्याशाप दिले असते तर माणूस पांघरूण घेऊन झोपला तरी असता. दुवेचं काय करायचं? दुवा काही अंगावरनं झटकता येत नाही. आठवडाभर त्यांना तेच ऐकू येत राहिलं, एक तरी माणूस राहिला, एक तरी माणूस राहिला. लाज माणसाला कुठंकुठं खाते ते त्यांना त्या आठवड्यात कळलं. आरशात बघून विभूती लावणं त्यांनी सोडलं, चाचपडत लावू लागले. बलभीमशी बोलायचं झालं तर इरम्माच्या तोंडून बोलू लागले.

हलीमाबी सोलापूरला गेली असेल आता, असं ते मनाला सांगत. भावाकडं पोचली असेल. घागर विकली असेल. संपलं.

कुठलं संपतंय! पुढच्या बेस्तरवारी सकाळी त्यांनी फळ्या काढल्या, तर पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या. आठ-नऊ जणी असतील. काही म्हाताऱ्या, काही तरण्या, सगळ्यांची लुगडी दुसऱ्यांची. आजूबाजूच्या चार गावांच्या, त्यांच्यातल्या दोघी सोडल्या तर कल्याणप्पांनी कधी न बघितलेल्या. आणि सगळ्यांच्या पुढं, काखेला घागर लावून, हलीमाबी.

"म्या गेलेच न्हाय, आप्पा," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आठ दिवसांमागं नव्हती अशी थोडी कळा होती. "दर्ग्यात ह्या भेटल्या. सगळ्यांचंच गेलंय. म्या सांगितलं ह्यांना, रडत काय बसता, कानडगावला एक दुकान हाय, तिथं नावाचं भांडं मालकाबिगर मोडत न्हाईत. माझा न्हाय आला, पर तुमच्यातल्या कुनाचं तरी आलं असंल. आन आलं असंल तर आप्पानं ठेवलं असंल. म्हणून आणलं ह्यांना. सोलापूर काय, उद्याबी जाता यील."

बाजार भरत होता. येणारे जाणारे थबकत होते. श्रीमंत समोरच्या पानाच्या ठेल्यावर उभा होता, त्यानं बायकांकडं बघितलं आणि पाठ फिरवली. बलभीम मागच्या दारातून पुढं आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. हातात हातोडा नव्हता.

पहिली म्हातारी म्हणाली, "एक परात, मालक. सकिनाबी नाव."

"न्हाय आली," कल्याणप्पा म्हणाले.

दुसरी म्हणाली, "तस्त. बिबन."

"न्हाय."

 तिसरी एक तरणी पोर होती, विशीची पण नसेल. ती बोलेचना, दुसऱ्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं तेव्हा बोलली. तिचं बोलणं इतकं हळू होतं, की कल्याणप्पांना वाकावं लागलं.

"माझ्या आईची कासंडी व्हती. धार काढायची. आई न्हाय आता. मला ती कासंडी नको, मला वाचाया येत न्हाय, पर त्याच्यावर आईचं नाव लिव्हलं व्हतं. तेवढा तुकडा कापून मिळाला असता तर..."

"रुकैया," कल्याणप्पा म्हणाले.

ते म्हणाले आणि मग त्यांना कळलं, की आपण म्हणालो.

पोरगी त्यांच्याकडं बघत राहिली. तिनं नाव सांगितलं नव्हतं.  रस्त्यावर कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं तेवढंच ऐकू येत होतं.

"तुमाला कसं ठाऊक?" हलीमाबीनं विचारलं.

कल्याणप्पा गादीवरून खाली उतरले. वीस वर्षांत गिऱ्हाइकाशी बोलताना ते कधी कट्ट्यावरून उतरले नव्हते. ते सगळ्यात खालच्या पायरीवर, बायकांच्या पायांपाशी बसले, डोकं खाली घातलं आणि म्हणाले, "म्या वाचलं. सगळी वाचली. सकिनाची परात आली व्हती. बिबनचं तस्त आलं व्हतं. जैतूनचं पतेलं. रुकैयाची कासंडी, तिच्या कानापाशी जरा चीर गेली व्हती."

"व्हय," पोरगी म्हणाली. "चीर व्हती."

"म्या मोडली. मालक न्हवते आन मोडली. म्या नक्षी म्हटलं त्याला." आता ते थांबतच नव्हते, नावामागून नावं बाहेर येत होती, जी बाई तिथं नव्हती तिचंही नाव, जी जगात नव्हती तिचंही. चार पोत्यांतलं एकही नाव ते विसरले नव्हते. काही नावांना पायरीवरून हुंकार येत होता, काहींना कुणीच नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "त्या फळीवर हाय ते समदं तुमचंच हाय. न्या. दुकान न्या."

कुणी उठलं नाही. एका म्हातारीनं फळीवरच्या त्या लाल, उजळ रांगेकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आपली परात त्यातली कुठली हे हुडकत असल्यासारखं. मग तिनं तोंडाला पदर लावला. बलभीम खांबापाशीच हळूहळू खाली बसला.

हलीमाबी अजून उभीच होती.

"आन माझा हंडा?" तिनं विचारलं.

"त्याच्या तीन घागरी झाल्या," कल्याणप्पा म्हणाले. मान वर झाली नाही. "दोन वर हायत."

हलीमाबीनं काखेतली घागर खाली घेतली. दोन्ही हातांत धरली, फिरवून बघितली. तिच्यावर काही नव्हतं, गुळगुळीत नवं तांबं. तिनं ती आपटली नाही, फेकली नाही, परतही दिली नाही. परत उचलून काखेला लावली, घट्ट.

"मंजे ही माझीच व्हती," ती म्हणाली. "आन म्या तुमाला दुवा दिली."

कल्याणप्पांनी पायरीची कड दोन्ही हातांनी धरली.

"भरल्या तोंडानं दिली, आप्पा. आमच्यात दिलेली दुवा माघारी घेत न्हाईत. आता तीबी तुमच्याकडंच राहनार." ती रुकैयाच्या पोरीचा हात धरून सोलापूरच्या वाटेला लागली, आणि बाकीच्या बायका एकेक करून उठून तिच्यामागं गेल्या. दिवस मावळेपर्यंत कल्याणप्पा त्याच पायरीवर बसून होते, आणि बाजाराला आलेली माणसं त्यांना वळसा घालून जात होती.